फोकसची दोरी

भुताखेताच्या गोष्टी मी सांगत नाही. ही सांगतोय, कारण ती माझ्या मावसभावाच्या घरात अजून संपलेली नाही.

पटली तर ठेवा. नाहीतर ओढ्यात सोडा.

गेल्या वर्षीचा वैशाख. सोमवार, दुपारचे साडेतीन. कोल्हापुरात, उद्यमनगरात, कृष्णातच्या लेथच्या शेडमागचं आवार. कारखान्यांना सुट्टी. रात्र नव्हती. पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा, असं ऊन होतं.

कृष्णात माझा मावसभाऊ. टर्नर माणूस. त्याला नाद लागला होता मोठ्या फिल्मचा कॅमेरा स्वतःच्या हातानं बनवायचा. तळहाताएवढी फिल्म, पण तिकाटणं नको, हातात धरूनच फोटो काढायचा. सागवानी खोकं केरबानं करून दिलं. केरबा फाउंड्रीचा पॅटर्नमेकर, ओतकामाचे लाकडी साचे घडवणारा, लाकडाला बोलतं करणारा. भिंग जुन्या बाजारातलं. ते पुढंमागं सरकवायची नळी कृष्णातनं लेथवर कातली.

"फोनवर निघतोय की फोटू," केरबा डिवचायचा. "ह्यो डबा कशापायी?"

"फोन बिघडला की फोटू गेला. ह्यातला ऱ्हातोय."

अडचण होती फोकसची. खोक्याच्या मागं दुधी काच, तिच्यावर समोरचं चित्र उमटायचं. पण काचेच्या जागी फिल्म घातली की काहीच दिसायचं नाही. मग अंतर कळायचं कसं?

कृष्णातनं दोरी बांधली. एक टोक भिंगाखाली. चार, सहा, आठ, दहा फुटांवर गाठी. समोरच्यानं गाठ नाकाला लावून दोरी ताणायची. जी गाठ, त्या खुणेवर नळी फिरवायची. दोरी सोडली की बटण दाबायचं. तेवढ्या अंतरावरचं लख्ख येणार. त्याच्या अलीकडचं, पलीकडचं सगळं धुकं.

त्या खुणा जुळवायला महिनाभर समोर बसला तो शेडचा राखणदार, रुद्राप्पा. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. कर्नाटक सीमेकडचा, एकटा जीव. दहाची गाठ नाकाला धरून तासतासभर बसायचा.

"आत फिल्म हाय का रं?"

"अजून न्हाय, आप्पा."

"मग मी काय रिकाम्या डब्याफुडं बसलोय व्हय?"

हसायचा, पण मान हलू द्यायचा नाही.

पौषात आप्पा गेला. झोपेतच.

आप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. आप्पाला बसवलं, पण मान काही राहीना. सारखी छातीवर यायची. पाठीमागच्या फळीला बांधायला दोरी कमी पडली.

"हाय का रं कुणाकडं वीत-दोन वीत?" केरबा ओरडला.

कृष्णातच्या खिशात फोकसची दोरी होती. आठच्या गाठीपुढं त्यानं ती कापली आणि पुढचा तुकडा दिला. दहाची गाठ असलेला.

तो तुकडा आप्पाबरोबर मातीत गेला.

उरलेली दोरी कृष्णातनं परत कॅमेऱ्याला बांधली. खुणा तिच्यावर जुळवलेल्या, टाकवेना.

तिथंच चुकलं. मातीला दिलं त्यातलं उरलेलं माघारी आणू नये. दोरीचं एक टोक तिकडं, एक टोक आपल्या घरात... असं असू नये.

वैशाखात फिल्म आली. कृष्णातची बायको वर्षाराणी आठव्या महिन्यात होती. आधीचं एक पोटातच गेलेलं, त्यामुळं या खेपेला दोघांचा जीव टांगणीला. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला मुरगूडला माहेरी जायची होती. त्याआधी तिचा एक फोटो त्याला हवा होता.

"लौकर उरका हो. पाठ धरलीया."

"झालंच. सहाची गाठ नाकाला लाव."

ती स्टुलावर बसली. तिच्या मागं चार फुटांवर शेडची भिंत, भिंतीलगत सावली. कृष्णातनं नळी सहावर आणली. फिल्म आत घातली.

"सोड दोरी."

"सोडली."

दोरी पडली नाही...

उन्हानं पत्रा मघापासून तडतडत होता. तो थांबला. झाडावरचा कावळा गप्प झाला.

"सोड म्हणतोय की!"

"अहो, सोडलीया. हे बघा."

तिचे दोन्ही हात पोटावर होते.

दोरी तिच्या गालाजवळून मागं गेलेली. ताठ. सहाची गाठ तिच्या नाकाशी. आठची तिच्या खांद्यामागं. आणि त्याच्याही पुढं, सावलीत, अजून एक गाठ...

दहाची.



"वर्षा, ऊठ. हळूच माझ्याकडं ये."

"उठता येईना हो..." तिचा आवाज बारीक झाला. "कुणीतरी मागनं मान सरळ धरलीया."

सावलीत कुणी दिसत नव्हतं. नुसती दोरी. पण तिला कोण धरून बसलंय, ते त्याला कळलं. कळलं, असं त्याला वाटलं.

"आप्पा," तो म्हणाला, "चुकलं माझं. तुमचा फोटू काढतो. दोन जिवांची हाय ती. सोडा तिला."

त्यानं नळी दहावर फिरवली. बटण दाबलं.

खट्ट.

दोरी पायाशी पडली. पत्रा पुन्हा तडतडू लागला. पडलेल्या दोरीला गाठी तीनच.

स्टुलावरून ती उठली. "चला घरी," एवढंच म्हणाली. कृष्णातनं दोरी तिथंच जाळली, तिला गाडीवर बसवलं आणि वळूनही पाहिलं नाही.

ज्येष्ठ सरता सरता मुलगी झाली. दोघी सुखरूप. कृष्णातनं उद्यमनगरभर पेढे वाटले.

फिल्म मात्र त्यानं धुतली नव्हती. आषाढात एकदा हिंमत केली. म्हटलं, आप्पा दिसेल, हात जोडू.

आप्पा नव्हता.

दहा फुटांवर, भिंतीला टेकून, लख्ख फोकसमध्ये... वर्षाराणी बसली होती. लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता. हात पोटावर. मान ताठ. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं.

आणि सहा फुटांवरच्या स्टुलावर माणसाएवढं नुसतं धुकं.

स्टुलावरचं उठलं होतं. तेच त्याच्यामागं गाडीवर बसून घरी आलं होतं.

ती निगेटिव्ह मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आहे. परवा त्यांच्याकडं गेलो तर वहिनीनं चहा दिला. "भाऊजी, साखर बरोबर हाय न्हवं?" आवाज तोच, हसणं तेच. मांडीवर पोर खेळत होतं. मी तिच्याकडं नीट बघू शकलो नाही.

कृष्णात घरी नव्हता. दर सोमवारी तो शेडमागं जातो. फिल्म न घालता, दुधी काचेत बघत, नळी दहाच्या खुणेवर आणतो. काचेवर नुसती भिंत दिसते.

तरी तो हाका मारतो.

"वर्षा... ए वर्षा..."

आणि मग कान देऊन उभा राहतो, अंधार पडेपर्यंत.