फार बोलणारं पिंप

त्या माणसाचा वास त्याच्याआधी स्पर्धेच्या दालनात शिरला. लवंग, लिंबू आणि वर आणखी काहीतरी महागडं.

"थांबा," मी दारातच हात आडवा केला. "दाढी करून तोंडाला काय फासलंय?"

"आईनं दिलेली बाटली आहे. आज महत्त्वाचा दिवस, म्हणून—"

"आत तीन पंच बर्बन व्हिस्की चाखणार आहेत. तुम्ही आत आलात, तर प्रत्येक ग्लासात तुम्हीच लागाल."

बोलून गेले आणि माझेच कान तापले. तो हसला. खळी एकाच गालावर पडत होती. एवढी काटकसर देवानं का केली असेल कोण जाणे.

मी त्याला मागच्या हौदापाशी नेलं. जत्रेला आलेली खेचरं तिथे पाणी पितात. तो खसाखसा तोंड धूत असताना एक खेचर त्याच्याकडे बघत होतं आणि मी खेचराकडे... म्हणजे मी तसं दाखवत होते.

"भट्टी कुठली तुमची?"

"भट्टी नाही. दुसऱ्यांची पिंपं विकत घेतो, एकत्र करतो, बाटलीत भरतो."

"म्हणजे स्वयंपाक शेजारणीचा, आणि वाढणार तुम्ही."

"पाच शेजारणींचा," तो शांतपणे म्हणाला. "आणि पाचही जणींचं एकमेकींशी पटत नाही. त्यांना एका टेबलाशी बसवून बघा एकदा."

त्याचं नाव लेलँड. सुवर्णपदक मिळालं, तर लुइव्हिलचा वितरक त्याचा सगळा माल उचलणार होता. नाही मिळालं, तर सोमवारपासून डेटनला भावाच्या दुकानात टायर विकायचे.

"टायर काही वाईट नसतात," मी म्हणाले.

"वासाला असतात."

"मी ऱ्होडा. तिघांतली एक पंच."

"मग मी काहीच बोललो नाही असं समजा," तो म्हणाला. ओल्या पापण्यांनी त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्पर्धेची बाटली दाराशी नोंदणीच्या टेबलावर ठेवून निघून गेला.

आता माझ्याबद्दल. नऊ वर्षं मी बार्ड्सटाउनजवळच्या एका भट्टीत पिंपं निवडते. आमच्या चवीत न बसणाऱ्या पिंपावर मी खडूनं शेरा मारते आणि दलाल ते बाहेर विकतो. नऊ वर्षांत माझी चूक मी कबूल केल्याचं कोणाला आठवत नाही. मुळात माझी चूक होत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

अकरा ग्लास मांडले होते. नुसते आकडे, नावं नाहीत. माझ्या डावीकडे मिस ओपल, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, डोळे मिटून चाखणाऱ्या. उजवीकडे थर्मनकाका, गोदामाचे जुने रखवालदार. विकत घेतलेल्या पिंपांच्या दारूला ते 'दत्तक' म्हणतात आणि एकूणच सगळ्या ग्लासांना रौप्य देतात. सुवर्णाला मात्र सगळ्या पंचांचं एकमत लागतं.

सातव्या ग्लासाला मी थुंकायचं विसरले. सकाळी दहा वाजता पंचानं घोट गिळणं ही आमच्याकडे लाजेची गोष्ट. मिस ओपलनी एक डोळा उघडला.

आधी चेरी, मग पुदिना, मग करपलेली साखर... ही चेरी माझ्या ओळखीची होती. खोकल्याच्या औषधासारखी. दोन वर्षांपूर्वी, गोदामाच्या अगदी वरच्या मजल्यावरची ती पिंपं मीच 'फार बोलतं' असं लिहून हाकलली होती. इथे कोणीतरी त्या बडबड्या मावशीभोवती चार समंजस बायका बसवल्या होत्या आणि मावशी चक्क ऐकण्यासारखं बोलत होती. मी मोजल्या. शेजारणी पाचच होत्या.

पंचानं माल ओळखला, तर ग्लास पालथा घालायचा आणि त्याचं मत बाद; मग उरलेल्या दोघांचं एकमत पुरतं. ओळखल्याचं लपवलं असतं, तर भांडून थर्मनकाकांना वळवलं असतं. ते काम दुसऱ्या कोणालाही जमत नाही. डोळ्यांसमोर तो ओल्या पापण्यांचा माणूस टायर मोजायला लागला. माझा जीव तुटला. तरी मी ग्लास पालथा घातला. आधी रिकामा करायचा असतो, हे विसरले. सगळं टेबलावर सांडलं.

"ही पिंपं मी नापास केली होती," मी म्हणाले. "आमच्या चवीत बसत नव्हती, एवढंच. दोष पिंपांत नव्हता. मी चुकले."

"काय म्हणाली ही?" थर्मनकाकांनी विचारलं.

"चुकले म्हणाली," मिस ओपल म्हणाल्या.

"आपली ऱ्होडा?"

"हो, आपलीच."

काकांनी रौप्य लिहूनही टाकलं होतं. त्यांनी आपला ग्लास परत ओढला. "या पोरीला चूक कबूल करायला लावते, ती दारू नीटच प्यायला हवी." ते प्यायले. थुंकले नाहीत. तळाशी उरलेला घोटही घेतला. मग रौप्य खोडलं. "दत्तक आहे," ते पुटपुटले, "पण वळण चांगलं लागलंय."

मिस ओपलनी सुवर्ण आधीच लिहिलं होतं.

दुपारी लेलँड पदक हातात धरून मला शोधत आला.

"त्यात माझं मत नाही," मी आधीच सांगून टाकलं. खडूचंही सांगितलं.

"ते अक्षर तुमचं? दलाल भट्टीचं नाव सांगत नाही, पण खडू कोणी पुसत नाही. 'फार बोलतं.' 'रुसलंय.' 'सकाळी नको.' दोन वर्षं मी त्याच अक्षराची पिंपं हुडकतोय. म्हटलं, पिंपांशी अशी भांडणारी बाई... तिला एकदा भेटायचंच."

"भेटलात. तिनं तुम्हाला खेचरांच्या पाण्यात धुतलं."

"त्याचंही मी काही वाईट वाटून घेतलं नाही."

मला तो आवडला होता. ग्लासाच्या आधीच, हौदापाशी. उगाच लपवण्यात अर्थ नव्हता.

"पुढच्या वर्षी याहून चांगली आणतो," तो म्हणाला. "तुम्ही चाखाल ना?"

"नाही."

त्याची खळी मावळली.

"नियम आहे," मी म्हणाले. "नात्यातल्या माणसाच्या बाटलीला पंचानं हात लावायचा नसतो."

"पण आपण नात्यात कुठे..." तो मधेच थांबला. या वेळी कान त्याचे लाल झाले.

"वर्ष आहे तुझ्याकडे," मी म्हणाले. "पण तुझ्या जागी मी असते, तर आज संध्याकाळीच सुरुवात केली असती."