रिंगखालची जागा

चाकणच्या बाजारात दोरखंडाचं एक दुकान आहे. उन्हाळा तोंडावर आला होता. तेजल गाईसाठी दावं घ्यायला तिथे गेली, तर दुकानदार जेवायला गेलेला आणि एक तरुण छताच्या आकड्याला टांगलेली जाळी काढायला उड्या मारतोय. एक उडी, दुसरी उडी... तिसरीही फुकट गेली तेव्हा तेजलला हसू आवरेना. तिने नुसता हात वर केला आणि जाळी काढून त्याच्यापुढे धरली.

"घ्या."

तो वर बघत राहिला. वरच बघावं लागत होतं.

"मी काढणारच होतो."

"हो ना. दिवाळीपर्यंत निघाली असती."

तो मोकळं हसला. तेजलपेक्षा बुटकी माणसं तिच्यापुढे उगाच छाती काढतात, हे तिला सवयीचं होतं. याने तसं काही केलं नाही.

"बास्केटबॉलच्या रिंगला लावायची आहे," तो म्हणाला. "तुम्ही खेळत असणार."

"निघोजे गावातल्या कंपनीत कामाला आहे. तिथल्या मुलींच्या संघात रिंगखाली असते."

"म्हणजे तुम्ही तेजल! मी प्रज्वल, तुमचा नवा कोच. सोमवारी भेटू... येताना स्टूल घेऊन येतो."

सोमवारपासून पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमागच्या मैदानावर सराव सुरू झाला. स्पर्धा संपल्या होत्या, पुढच्या वर्षाचा संघ ठरायचा होता. मागच्या फायनलला तेजलचे पाच फाउल झाले, ती बाहेर बसली, आणि रिंगखाली उभं राहायला दुसरी उंच मुलगीच नव्हती. हातातला सामना गेला. ते तिला अजून सलत होतं.

सगळ्या गेल्या तरी प्रज्वल तिच्यासाठी बॉल उडवत थांबायचा. उन्हाने तापलेल्या फरशीवरून गरम वारा यायचा.

"सर, बॉल टाकताय की आभाळाला दगड मारताय?"

"तुझ्यापर्यंत पोचायचं तर एवढं करावंच लागतं..."

तेजल खाली वाकली आणि बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत बसली.

एका रविवारी तिला बघायला पाहुणे आले. मंजुळाबाईने, तिच्या आईने, सकाळपासून धोशा लावला होता. "जरा वाकून चाल गं. पोरगा तुझ्यापरीस बुटका हाय. बसल्यावर कुणाला कळतंय!"

तेजल चहाचा ट्रे घेऊन ताठ बाहेर आली आणि ताठच उभी राहिली. मुलाची आई म्हणाली, "बस की बाई, मान दुखाय लागली."

"मावशी, मी रिंगखाली खेळते. तिथं वाकलं की बॉल जातो."

पाहुणे चहा पिऊन उठले. जाताना रीत म्हणून त्यांनी तिची ओटी तेवढी भरली. नेमकी तेव्हाच शेजारची सोजराबाई दारात आली. तिने ओटीतला नारळ पाहिला आणि लग्न जमलं असंच धरलं. तिचा नवरा कंपनीची बस चालवायचा. दुसऱ्या दिवशी बस गेटात शिरायच्या आत बसमधल्या गप्पांत तेजल सासरी निघाली होती!

त्याच संध्याकाळी प्रज्वलने संघ वाचून दाखवला. रिंगखाली लातूरकडून नवीन आलेली नेहा. तेजलचं नाव नव्हतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "का?"

"दादासाहेब म्हणाले, तुझं लग्न ठरलंय." दादासाहेब म्हणजे कंपनीच्या खेळ समितीचे प्रमुख. त्यांचा शब्द शेवटचा.

"मला विचारलंत?"

प्रज्वल बॉलवरची धूळ पुसत राहिला. "धीर झाला नाही. तू हो म्हणाली असतीस तर..."

त्याच्या मनातलं तेजलला कळलं. पण राग मोठा होता.

"ते तुमचं दुखणं, सर. त्यापायी माझी जागा का घालवली? कुठलंही लग्न ठरलेलं नाही. आणि आता मर्जी म्हणून नाव घालू नका. उद्या नेहासमोर उभी करा. दादासाहेबांनाही बोलवा."

दुसऱ्या दिवशी दादासाहेब खुर्ची टाकून बसले. नेहा सहा फुटी, उडी जबर. रिंगवर आपटून परत येणारे पहिले दोन बॉल तिने तेजलच्या डोक्यावरून उचलले. तेजलने मग उडीचा नाद सोडला. नेहाला पाठीमागे अडवलं, पाय रोवले, जागा धरली. बॉल खाली येईपर्यंत नेहाला पुढे यायला वाटच मिळेना. तिसरा बॉल तेजलचा. चौथाही. पाचवा नेहाने ओढून घेतला आणि सहाव्याला दोघी धापा टाकत खाली बसल्या.

"सर, हिला घ्याच," नेहा घाम पुसत म्हणाली. "हिच्यासंगं रोज झटलं तर मलाबी काय तरी येईल की!"

दादासाहेब म्हणाले, "एक उंच पोरगी मिळालीय ना? दोन कशाला?"

"तिचे पाच फाउल झाले तर रिंगखाली कोण येणार? तुम्ही?" तेजलने विचारलं. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या.

"बरं, पण आज ना उद्या लग्न होईलच की तुझं?"

"लग्नानं माझी उंची कमी होणार आहे का, दादासाहेब?"

प्रज्वल पुढे आला. "रिंगखाली मला दोघी पाहिजेत. नाहीतर कोचही दुसरा बघा."

दादासाहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घ्या बाबा दोघी," म्हणत ते उठले. "पण फायनल हरलात तर बघतो."

मुली बाटल्या भरायला नळाकडे गेल्या. प्रज्वल तिथेच घुटमळला.

"तेजल... लग्नात अंतरपाट धरतात ना, त्यावरून तुला पलीकडचा दिसेल. त्याला मात्र मान वर केल्याशिवाय तू दिसणार नाहीस."

"मग?"

"पलीकडे मी असलो तर चालेल?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पहिल्यांदाच तिने 'सर' गाळलं. "चालेल, प्रज्वल. पण मी वाकणार नाही."

"हार घालतानाही?"

"तेव्हाही नाही. उडी मार."

नळापाशी पोरी वळून बघत होत्या. प्रज्वलने तिथेच, सगळ्यांदेखत, उडी मारली. हार घालावा तसे हात तिच्या केसांवरून गेले आणि तो धडपडत खाली आला.

तेजल ताठ उभी होती.

"पोचलास की," ती म्हणाली.