थंड पाइपाचं गुपित

"कुलूप तोडायचं न्हाई," हन्नाने बजावलं. "आधी ह्या पाइपातलं पाणी कुठं जातंय ते बघायचं."

"कसलं पाणी? मोटार जळाली अशी पाटी हाय की," हृतिकने बॅटनेच संडासाचं दार दाखवलं.

निमोणे गावाजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत मुलींसाठी नवे संडास बांधून दोन महिने झाले होते. रंग चकाचक, दाराला कुलूप आणि किल्ली शाळा समितीचे अध्यक्ष पोपटराव आप्पांकडे. मोटार दुरुस्त झाली की उघडू, असं आप्पा दर आठवड्याला सांगत. दिवाळीची सुट्टी संपत आली, तरी त्या मोटारीला मुहूर्त लागत नव्हता.

हन्नाला हे फार खुपत होतं, ते अक्षदामुळे. तिची ही जिवलग मैत्रीण झुडपाआड जावं लागू नये म्हणून शाळेत दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसे. मागच्या महिन्यात प्रार्थनेतच चक्कर येऊन ती खाली बसली. तेव्हापासून तिची आई, धुरपदाकाकी, म्हणत होती, "दिवाळीनंतर पोरीला घरीच ठिवते." आणि सुट्टीचे तर तीनच दिवस उरले होते.

आज थोड्या वेळापूर्वी चेंडू काढायला हन्ना संडासाच्या टाकीखाली शिरली आणि टाकीच्या पाइपाला तिचा गाल टेकला. भर दुपारी पाइप थंडगार! रिकामा असता तर चटकाच बसला असता. तिने कान लावला. आत पाणी खळखळत होतं.

हन्ना, हृतिक आणि अक्षदा अशी तिघं पाइपाच्या मागावर निघाली. भिंतीमागे दगडांखाली, गोणपाटात दडवलेला एक कॉक सापडला. तिथून पाइप जमिनीत गेला होता. वर उकरलेल्या मातीचा पट्टा थेट कुंपणापर्यंत, आणि कुंपणापलीकडे आप्पांची शेवंती. ठिबकमधून टपटप पाणी पडत होतं.

"आप्पांची तर विहीर आटलीय," अक्षदा कुजबुजली.

"मंग शेवंती काय हवेवर जगती?" हृतिक म्हणाला. "चला, समितीला सांगू."

"समिती म्हंजी आप्पाच की," हन्ना म्हणाली. "आपण पोरं. उडवून लावतील. त्यांनी सोताच दाखवलं पायजे. शेवंतीला कळ्या धरल्यात. आता पाणी तुटलं, तर आप्पांना घरी बसवंल का?"

हृतिकने कॉक बंद केला आणि दगड होते तसे रचले. हन्नाने मुख्याध्यापिका ग्रेसबाईंना गाठलं, अक्षदाने आईला. सगळे वर्गाच्या खिडकीआड बसले.

"आप्पा असलं करायचे न्हाईत गं," धुरपदाकाकी पुटपुटली. ग्रेसबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. कुणी आलंच नाही तर? हन्ना खिडकीच्या फटीतून बाहेर बघत राहिली.

तासाभराने मोटारसायकल वाजली. आप्पा इकडेतिकडे न बघता तडक भिंतीमागे गेले, दगड बाजूला केले आणि कॉक फिरवला.

"कुणी बंद केला रं हा?" ते करवादले.

"आम्ही, आप्पा," हन्ना समोर आली. "मोटार दुरुस्त झाली व्हय?"

मागे ग्रेसबाई आणि धुरपदाकाकी दिसताच आप्पांचा चेहरा पडला. "दोन-चार दिवस घ्यावं म्हटलं... फुलं निघाली की सोडणारच होतो."

"दोन महिने झाले, आप्पा," ग्रेसबाई शांतपणे म्हणाल्या.

धुरपदाकाकीला मात्र राहवलं नाही. "माझी पोर दिवसभर तहानलेली ऱ्हाती, आन् तुमची शेवंती पोटभर पिती?"

मान खाली घालून आप्पांनी मोटारसायकलच्या जुडग्यातली एक किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. संध्याकाळपर्यंत कुंपणाकडचा पाइपही त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटला.

"दोन महिने मी त्या पाटीवर विश्वास ठेवला," ग्रेसबाई तिघांना म्हणाल्या. "तुम्ही पाइपाला कान लावून पाहिलात. शाबास रे पोरांनो."

शाळा उघडली त्या दिवशी अक्षदा पहिल्या बाकावर हजर होती. मधल्या सुट्टीत तिने बाटली तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली आणि हन्नापुढे हात केला.

"तुझी पण दे गं."