हैदराबादचं नाव

“मी हैदराबाद लिहून देतो!”

रजतच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला आणि पंगतीत बसलेल्या हिरालालचा घास तोंडाशी जाता जाता थांबला. मंडईचा दिवस होता. दिवाळी सरली की या भागातल्या गावागावांत मंडईची जत्रा भरते, घरोघरी पाहुणे उतरतात, सासरी गेलेल्या लेकी येतात. मध्य प्रदेशातल्या वारासिवनीजवळच्या त्या गावात हिरालालची ओसरीही माणसांनी फुलली होती. आणि अशा भरल्या घरात, भरल्या ताटावर या पोराने नेमकं तेच नाव काढावं!... जे नाव गेल्या वीस वर्षांत त्या घराच्या भिंतींनीसुद्धा ऐकलं नव्हतं!

लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत रजतला नोकरी लागली होती. पुण्याला जायचं की हैदराबादला, एवढं त्याने आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बातमी आल्यापासून हिरालाल मनातल्या मनात दहादा पुण्याला जाऊन आला होता, भाचा पुण्याला चालला म्हणून त्याने अर्ध्या गावाला चहा पाजला होता. भाच्याला मात्र विचारायचं राहूनच गेलं होतं!

“पुण्याचं ठरलं होतं ना बाबू?” तो शक्य तितक्या हळू म्हणाला. “तिथं आपली भाषा हाये. त्या तिकडल्या गावात कोण हाये आपलं?”

“माहा बाप हाये!” रजत ताटावरून उठला. “एका हाताचा आदमी, अकेला! मी व्हिडिओ कॉलवर पाह्यला तो हात, मामाजी. दोन बोटं नाही, पंजा असा वाकडा... अन् तो कोणी केला, हे साऱ्या गावाले मालूम हाये!”

हिरालालने मान खाली घातली. हे तर तो वीस वर्षं ऐकतच आला होता, त्याची त्याला सवय होती. पण रजत तिथं थांबला नाही. स्वयंपाकघराच्या दारात वाढायला उभ्या असलेल्या आपल्या आईकडे, सत्यभामेकडे तो वळला आणि दात खाऊन ओरडला, “अन् माय, तू! ज्यानं तुह्या नवऱ्याले लुला केला त्याच्याच घरची भाकर तोडत बसलीस! जराशी तरी लाज...”

पुढचा शब्द निघण्याआधीच हिरालालचा हात उठला. फाडकन आवाज झाला!

पाहुण्यांतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मामाने भाच्यावर हात टाकला!... या मुलखात भाचा म्हणजे देव; वयाने कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो, त्याचा पाय आपल्या अंगाला लागला तर पुण्य मानतो. रजत कडेवर होता तेव्हापासून दर सणाला हिरालाल त्याची चिमुकली पावलं कपाळाला लावत आला होता. आणि आज त्याच हाताने... हिरालाल आपल्या पंजाकडे पाहतच राहिला.

त्याला दुसरं काही पाहायला वेळच मिळाला नाही. कोपऱ्यातलं मुसळ रजतने कधी उचललं, हे कुणालाच कळलं नाही. पहिला घाव डोक्यावर बसला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला आणि हिरालालच्या कपाळावरून रक्ताची धार थेट ताटातल्या पांढऱ्याशुभ्र भातात पडू लागली. दुसरा घाव खांद्यावर बसला. “घ्या! हा माह्या बापाचा बदला!” रजत रडत होता आणि मारत होता. तिसऱ्या घावाला सत्यभामा मधे पडली. तिच्या बांगड्यांचा चुरा झाला, मनगटातून रक्त आलं, पण ती भावाच्या अंगावरून हलली नाही. “मले मार रे... मले मार, मेल्या!” ती किंचाळत होती. शेवटी पाहुण्यांनी रजतला मागून मिठी घालून खाली पाडला, तेव्हा कुठे मुसळ त्याच्या हातातून सुटलं.

डोळ्यांवर येणारं रक्त पुसत हिरालाल फक्त बहिणीकडे पाहत होता, आणि त्या नजरेत एकच विनवणी होती... बोलू नकोस, सत्यभामे! आजही बोलू नकोस!

त्याला गाडीत घालून वारासिवनीच्या सरकारी दवाखान्यात नेत असताना, शुद्ध येत होती, जात होती, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ती दुपार पुन्हा उभी राहत होती...

कटंगीकडचं सत्यभामेचं सासर. तो तिला माहेरपणाला न्यायला गेला होता. अंगणातल्या विहिरीपाशी आरडाओरडा ऐकून धावला, तर काय पाहिलं! तिचा नवरा घनश्याम दारूने तर्र, डोळे तांबडे, आणि वर्ष-दीड वर्षाचा रजत त्याने एका हाताने, दंडाला धरून, विहिरीवर लोंबकळत धरलेला! “हैदराबादले चालतं का नाही बोल! बिल्डिंगच्या कामावर येतं का नाही? नाही येत? मंग हा पण नाही!” पोराचा आवाज बसला होता, ते नुसतं तोंड उघडत होतं. हिरालाल अंगणाच्या पलीकडे होता. सत्यभामा मात्र जवळ होती, गवत कापून नुकतीच आली होती. तिने एका हाताने पोराचा पाय पकडला आणि दुसऱ्या हातातला विळा घनश्यामच्या मनगटाखाली घातला. एकदा... दोनदा... आंधळ्यासारखा! बोटं विहिरीत पडली. पोरगा आईच्या छातीशी आला.

माणसं धावत येईपर्यंत हिरालालने तिच्या मुठीतून तो विळा ओढून घेतला होता. “पोराले माय पाह्यजे,” तो तिच्या कानात म्हणाला होता. “तू तुरुंगात गेलीस तं हा कोणापाशी वाढंन? कोणाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहाशीन!” आणि घनश्याम? बायकोने हात तोडला, हे चारचौघांत सांगायची त्या मर्दाला लाज वाटली! त्यानेही पोलिसांना मेहुण्याचंच नाव सांगितलं आणि जखम भरताच तो एकटाच हैदराबादला निघून गेला.

असा तो खोटा गुन्हा हिरालालच्या कपाळी बसला. तुरुंगवास झाला. साखरपुडा झालेली मुलगी दुसरीकडे गेली. सुटून आल्यावर त्याने लग्नाचं नाव काढलं नाही; बहीण आणि भाचा हाच आपला संसार मानला, रक्ताचं पाणी करून धानाच्या बांधीत राबला, रजतला सायकलवर बसवून शाळेत नेलं, बालाघाटला शिकवलं. लोक मागून ‘हातकाप्या’ म्हणत. म्हणोत बापडे! पोराच्या आईला कुणी काही म्हणत नव्हतं ना, मग झालं! पण आज?... आज त्याच पोराच्या डोळ्यांत आपण कसाई ठरलो, आणि ते आता कायमचं आपल्यापासून चाललं, या जाणिवेने त्याचं अंतःकरण डोक्याच्या जखमेपेक्षा जास्त फाटलं होतं.

दवाखान्यात टाके पडले. डोक्याला मार म्हटल्यावर हवालदार आला. खाटेभोवती गावची चार माणसं होती, शेजारची जिजाबाई होती. भिंतीला टेकून, कुणाकडे न पाहता रजत उभा होता. त्याच्या शर्टावर मामाचं रक्त वाळलं होतं.

“किसने मारा?” हवालदाराने विचारलं.

“कोनी नाही साहब,” हिरालाल क्षीण आवाजात म्हणाला. “पांव फिसल गया. पाट्यावर पडलो.”

“पाटे पर गिरने से कंधा फूटता है?”

“मी दोनदा पडलो साहब!”

अशा वेळीही जमलेल्यांतल्या एकाला हसू आलं. रजतने मात्र चमकून वर पाहिलं. नोकरीआधी पोलिसांकडून चौकशी होणार होती. मामाने त्याचं नाव घेतलं असतं तर पुणंही गेलं असतं आणि हैदराबादही! हवालदार काय ते समजला, दारापाशी जाऊन उभा राहिला.

आणि नेमकी तेव्हाच जिजाबाईची जीभ सुटली. “देवानं जागच्या जागी दाखोलं माय! पह्यले जवायाचा हात तोडला, आज देवासारख्या भाच्यावर हात टाकला. ज्याच्या हाताले रक्ताची सवय...”

“जिजाबाई!”

सत्यभामेचा तो आवाज कुणी आजवर ऐकलाच नव्हता. पट्टी बांधलेला हात वर करून ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

“माह्या दादाच्या हाताले रक्ताची सवय नाही. हा पाहा... हा हात हाये तो! मी तोडला! इळा माह्या हातात होता!”

“सत्यभामे! तुले माही शपथ हाये!” हिरालाल खाटेवरून उठू पाहत होता.

“वीस वर्षं पाळली तुही शपथ! आज तुहं मेलेलं तोंड पाहाचंच काय बाकी राह्यलं होतं?” ती रजतकडे वळली. “तुह्या बापानं तुले इहिरीवर धरला होता रे... एका हातानं! तोच हात! त्याच्यासाठी तू रडून राह्यला, तोच! मी तोडला नसता तं तू आज लिफ्टची नोकरी कराले राह्यला नसतास. अन् मी जेलात गेली असती तं तुले कोणी दूध पाजलं असतं? म्हणून यानं... माह्या दादानं...” ती मटकन खाली बसली.

जिजाबाईने तोंडात बोट घातलं ते तसंच राहिलं.

रजतचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तो एक पाऊल पुढे आला, मग खाटेच्या पायथ्याशी कोसळला आणि मामाच्या पायांवर डोकं आपटू लागला. “मामाजी... मामाजी...” हिरालालने घाईघाईने पाय आखडून घेतले.

“नको, नको बाबू! भाच्यानं मामाच्या पायी पडू नये, मले पाप लागते! आधीच आज माहा हात...” तो वाकायला गेला, त्याला रजतच्या पायांना हात लावून क्षमा मागायची होती, पण टाके ओढले गेले आणि तो कळवळला. रजतने त्याला वरच्या वर सावरलं, आणि मामा-भाचे एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखे रडले. मग एकदम डोळे पुसून रजत दाराकडे गेला.

“साहब, मैंने मारा. मुसळ से. लिखिए.”

“नौकरी जाएगी,” हवालदार म्हणाला.

“जाने दो. या घरात आता कोणी दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर नाही घेणार.”

हवालदाराने खाटेकडे पाहिलं. “क्यों भाई, शिकायत है?”

“हाये,” हिरालाल म्हणाला. सगळे दचकले. “पह्यली थप्पड मी मारली. शिकायत लिहाची असंन तं आधी माही लिहा. तसंही माह्या नावाचं पान तुमच्याकडे आधीपासून हाये.”

हवालदार “घर का मामला घर में रखो” असं पुटपुटत निघून गेला. आपल्याकडे असल्या मामल्यांना घरातच ठेवायची रीत आहे, आणि त्याच रीतीने हिरालालची वीस वर्षं खाल्ली होती. पण आज तिच्यावर चिडायला त्या खोलीत कुणालाच सवड नव्हती.

गावची माणसं एकेक करून बाहेर गेली. रजत खाटेवर बसला आणि त्याने मोबाइल काढला. “मामाजी, पुणे लिहितो.”

ज्या शब्दासाठी हिरालालचा जीव इतके दिवस टांगणीला लागला होता, तो असा आपणहून पुढ्यात आला होता! त्याने फक्त हौ म्हणायचं होतं. पण भाच्याचा पडलेला चेहरा पाहून त्याला कुठेतरी टोचलं.

“खरं सांग. बाप तिथं नसता तं कोणतं गाव घेतलं असतं?”

रजत चाचरला. “तिकडे... मेट्रोचं काम हाये. मोठमोठ्या लिफ्टा. सिखने को मिलता. पुण्यात नुसतं सोसायट्यांचं रिपेरिंग.”

“मंग माह्यासाठी पुण्याले काहून जातं? बापासाठी हैदराबाद, मामासाठी पुणे... अन् तुह्यासाठी कोणतं?” हिरालालने मोबाइलवरची त्याची बोटं थोपवली. “हैदराबादच घे, बाबू.”

“दादा!” सत्यभामा कळवळून ओरडली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. घनश्याम! रजतचा जबडा आवळला गेला. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

“लिहून देल्लं का रे बेटा?” पलीकडून आवाज आला. “त्या कसायाच्या घरून निघ लवकर.”

“निघतो. पण एक सांगा बाबा. इहिरीवर मले कोणी धरलं होतं?”

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. मग अगदी बसलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, “...मायनं सांगलं?”

“हौ. सारं.” रजत उठून उभा राहिला, त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. “हैदराबादले येतो मी. आता दुसरा हात राह्यला हाये ना तुमचा? तो मी स्वतः...”

हिरालालने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. टाक्यांची कळ मस्तकात गेली, तरी तो भिंतीला धरून सरळ बसला. वीस वर्षांत या माणसाशी तो एक शब्द बोलला नव्हता. तुरुंगातल्या प्रत्येक रात्री ज्याला मनातल्या मनात विळ्याने कापला होता, तो माणूस आता कानाशी श्वास घेत होता.

“जवाईबापू,” तो म्हणाला, “हिरालाल बोलून राह्यलो.”

पलीकडे हुंदका फुटला. सत्यभामेने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती त्या आवाजाला माफ करणार नव्हती, आज नाही, कधीच नाही, आणि तिला कुणी तसं म्हटलंही नाही. रजत मुठी आवळून उभा होता. हिरालालने त्याची एक मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट हळूहळू सोडवलं.

“पोरगा येऊन राह्यला तिकडे. तुमच्या घरी नाही राहाचा, त्याचं तो पाहीन. पण गाव मोठं हाये, त्याच्या वळखीचं कोणी नाही...” त्याने भाच्याकडे पाहिलं. “टेशनावर घ्याले जाजा.”

तिकडून “हौ... जातो” असं ऐकू आलं. हिरालालने मोबाइल भाच्याच्या हातात ठेवला.

“घे, लिही आता... हैदराबाद.”