उतारावरचं वजन

रविवारी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी आत्याची गाडी तिसरी आली. गाडीनं रेषा ओलांडली तेव्हा बॅटरीत शून्य टक्के वीज होती. पुढच्या वळणापर्यंतही ती पोहोचली नाही. कडेला लागली आणि तिला ढकलत आणावं लागलं.

यात कमीपणा काही नव्हता. विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत प्रत्येकाला सारखीच वीज मिळते आणि ती पूर्ण वेगानं शेवटपर्यंत पुरत नाही. पाय दाबून ठेवणारा वाटेत थांबतो. जपून चालवणारा वीज शिल्लक ठेवून मागे राहतो. रेषेवर येताना बॅटरी नेमकी रिकामी होणं ही या धंद्यातली सर्वात अवघड गोष्ट. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांनाही ती क्वचित साधते.

आत्यामागे मोठी कंपनी नव्हती. पत्र्याची कामं होणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये तिनं ही बॅटरी स्वतः बांधली होती. एकेक सेल तपासून, नापास झालेले बाजूला काढून. गाडी चालवणारी तिच्या भावाची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत. गाडीचे मिस्त्री कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामा म्हणत आणि तेही तशीच ओ देत. हंगामातली ही शेवटची शर्यत. पहिल्या तिघांत आले तर पुढच्या वर्षी आमंत्रण, नाहीतर शेडला कुलूप. मला वृत्तांत लिहायचा होता. आत्यानं मला गॅरेजमध्ये एक स्टूल दिलं, कानाला लावायला एक हेडफोन दिला आणि कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं.

शर्यतीसाठी एक चढउताराचा रस्ता तीन दिवस बंद केला होता. वर एका जुन्या दगडी भिंतीला वळसा, तिथून लांब उतार, तळाशी पिनेसारखं वळण, मग चढ, चढाच्या माथ्यावर त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाचं वळण, आणि तिथून थोड्या अंतरावर शेवटची रेषा. उतारावर ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात आणि ती वीज बनवून बॅटरीत परत टाकते. ही वीज किती मिळणार, हे गाडीच्या वजनावर आणि उताराच्या उंचीवर ठरतं. त्यात मतभेदाला जागा नसते.

प्रतिस्पर्धी एकमेकांचा रेडिओ ऐकतात, म्हणून बॅटरीत किती टक्के आहे ते कोणी उघड बोलत नाही. या दोघींनी स्वतःची भाषा केली होती. आत्या भाचीसाठी स्थळ बघते आहे आणि मुलाचं वय म्हणजे टक्के.

शुक्रवारी सकाळी सरावात मी पहिल्यांदा ती भाषा ऐकली.

“मुलगा कितीचा गं?”

“एकाहत्तरचा.”

“सत्तरचा हवा होता.”

“मग झाला असेल मोठा, आत्या. माणसं होतात मोठी.”

“या घरातला मुलगा लहानच होत जातो. नीट बघून सांग.”

“एकाहत्तर. आणि तुला पसंत असेल तर तूच कर त्याच्याशी.”

मामा मोठ्यानं हसले. आत्या हसली नाही. पुढच्या फेरीलाही मुलगा हवा त्यापेक्षा किंचित मोठा निघाला. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी किंचित.

दुपारी मामांनी वीज मोजणारं यंत्र बदललं. त्याचा उपयोग झाला नाही. जास्तीची वीज फक्त उतारावर येत होती आणि दर फेरीला जवळजवळ तेवढीच. आत्या पडद्यासमोर बसून राहिली. मग तिनं चाकांवर किती भार पडतो त्याची रेघ काढली आणि मामांना बोलावलं.

रेघ सपाट यायला हवी होती. प्रत्येक फेरीत वरच्या भिंतीपाशी चारही चाकं एकदम, हलकीच दबत होती. उतारभर तशीच राहत होती. तळाच्या वळणावर पुन्हा वर येत होती.

“कोणीतरी वर चढतंय आणि खाली उतरतंय,” मामा म्हणाले. “बस आहे का ही?”

“गाडीत एकच सीट आहे, मामा.”

“ते मला सांगता? मीच बसवलीय ती.”

भिंगरी हेल्मेट काखेत धरून आली. तिला रेघ दाखवली.

“तुला जाणवतं काही?” आत्यानं विचारलं.

“जाणवतं. सकाळपासून. तू रागावशील म्हणून बोलले नाही.” तिनं बोट भिंतीच्या जागेवर ठेवलं. “इथं गाडी बसते. आपण कॉटवर बसलेलो असतो आणि शेजारी कोणी येऊन टेकतं ना, तशी. धक्का नाही, काही नाही.”

“तिथं तुझा वेग किती असतो?”

“नव्वदच्या खाली नाही. कोणी चढेल असा नाहीच.”

“भीती वाटते?”

“वळण घेताना भ्यायला वेळ कुठं असतो? नंतर वाटते.”

मामा हात पुसत म्हणाले, “मी काय म्हणतो, फुकट मिळतंय. इथं लोक अर्ध्या टक्क्यासाठी जीव टाकतात. आपल्याला देव देतोय तर घ्या की.”

“माझ्या बॅटरीत मला न विचारता काही येणार नाही,” आत्या म्हणाली. आणि ती सरळ तांत्रिक तपासनीसांकडे गेली.

दुसरं कोणी असतं तर गेलं नसतं. स्वतःच्या गाडीला जास्त वीज मिळते अशी तक्रार त्या तपासनीसांकडे आजवर कोणी केली नव्हती. शनिवारी सकाळी त्यांनी गाडी उघडली, सील तपासली, काट्यावर चढवली. वजन बरोबर होतं. भिंगरीला काट्यावर उभं केलं. तेही बरोबर. दोघांना एकत्र चढवलं. बेरीज बरोबर. दुपारी गाडी पुन्हा उतारावर गेली आणि रेघ पुन्हा दबली. तपासनीस पडद्याकडे बघत म्हणाले, “बाई, यात नियम मोडलेला मला दिसत नाही. काय झालंय तेही दिसत नाही. तुम्ही शर्यत चालवा.”

“इतर गाड्यांचं काय?”

“सगळ्यांना विचारलं. फक्त तुमची.”

त्या संध्याकाळी आत्यानं शर्यतीचा बेत मांडला. भिंगरी खुर्चीवर उलटी बसून ऐकत होती. आत्यानं जास्तीची वीज धरलीच नव्हती. पहिल्या फेरीपासून ती बाजूला काढायची. गाडी जेवढी वीज घेऊन निघते आणि आपल्या स्वतःच्या वजनानं जेवढी परत मिळवते, तेवढ्यावरच यायचं.

“म्हणजे मी थोडी वीज पोटात घेऊन फिरायचं आणि वापरायची नाही?”

“नाही.”

“आणि चौथी आले तर?”

“तर चौथी.”

“शेडला कुलूप लागेल, आत्या.”

“लागू दे. ‘या बाईची बॅटरी चालते’ असं लोकांनी म्हणावं म्हणून मी पाच वर्षं त्या शेडमध्ये घासली. ‘या बाईला कोणीतरी खांदा दिला’ असं म्हणायला नव्हे.”

भिंगरीनं मान खाली घातली. मग म्हणाली, “हट्टी आहेस.”

“तुझ्या बापाला विचार, कोणावर गेलीयस तू.”

रविवारची शर्यत मी त्या स्टुलावरून पाहिली. तिच्या चालवण्याबद्दल एवढंच लिहितो, की माझ्या आजूबाजूच्या गॅरेजमधले लोक स्वतःची गाडी सोडून आमच्या पडद्याकडे बघायला लागले होते. इतर चालक वळणाजवळ येईपर्यंत पाय दाबून धरत आणि मग ब्रेक मारत. ती फार आधी पाय उचलायची. गाडी आवाज न करता तरंगत यायची, आणि मग ब्रेक असा हळू दाबायची की चाकं घसरू नयेत आणि वीज तेवढी परत यावी. बॅटरी तापली की गाडी आपोआप ताकद कमी करते. पुढच्या दोन गाड्यांचं तसंच झालं. आत्याची बॅटरी तापली नाही. दहावीवरून ती नववी झाली, सातवी झाली, पाचवी झाली.

“मुलगा कितीचा?”

“तेविसाचा. त्यातले वरचे तीन आपले नाहीत.”

“माहीत आहे मला. विसरू नकोस तू.”

दर फेरीला भिंतीपाशी रेघ दबत होती, तळाशी वर येत होती. बाजूला काढलेली वीज थोडी थोडी साठत होती. तपासनीस आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले होते.

शेवटच्या फेरीला ती चौथी होती. तिसरी गाडी अगदी समोर.

“आत्या, त्याचं संपत आलंय. मी वरचं घेतलं तर सरळ रस्त्यावरच गाठते.”

“नको.”

“आत्या!”

“वळणावर गाठ. तुझ्यात आहे ते.”

रेडिओवर थोडा वेळ फक्त वारा होता. भिंत आली. रेघ दबली. उतारावर तिनं नेहमीच्या जागी पाय उचलला नाही. तळाच्या वळणाला आतली बाजू मोकळी होती. दीड गाडीचीही जागा नसेल. तिनं तिथं गाडी घातली, उशिरा ब्रेक मारला, मागचं चाक कठड्याला घासून गेलं, आणि बाहेर पडली तेव्हा ती तिसरी होती.

मामांनी मला मिठी मारली. आत्या पडद्यावरून नजर काढत नव्हती.

तळाच्या वळणावर रेघ वर यायला हवी होती.

ती खाली गेली.

पुन्हा गेली. मग आणखी.

“आत्या,” भिंगरी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “चढले.”

“कोण?”

“सगळे.”

गाडी चढाला लागली. एवढी जड रेघ मी तीन दिवसांत पाहिली नव्हती. चारही चाकं पूर्ण दबली होती. मागची गाडी जवळ येत होती. बॅटरीतला आकडा आमच्या डोळ्यांसमोर ओसरत होता.

“चार,” भिंगरी म्हणाली. मुलाची भाषा राहिली नव्हती. “तीन. आत्या, आता ते वरचंच जातंय.”

“जाऊ दे. ते त्यांचंच आहे.”

“दोन.”

“उष्णता बघते मी. तापत नाहीये. दाब पाय.”

“नाही निघणार.”

“माझी आहे ती. निघेल.”

एक.

भिंतीचं वळण आलं.

रेघ वर आली. एकदम नाही. एकेक करत.

गाडी हलकी होऊन सुटली आणि मागच्या गाडीचं पुढचं टोक तिच्या चाकाशी असताना तिनं रेषा ओलांडली. शून्य.

गॅरेजमध्ये आरडाओरडा झाला. आत्या उठली, खुर्ची सरकवून नीट लावली आणि भिंत धरून उभी राहिली. मी तिच्या जवळ गेलो. तिला काहीतरी विचारणं माझं काम होतं.

“एवढ्या जणांना घेऊन चढली,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि मान ताठ होती. “आणि तापली नाही हो. बघितलंत ना? हात लावून बघा, कोमट आहे.”

तपासनीसांनी गाडी पुन्हा उघडली, पुन्हा तोलली. सगळं बरोबर होतं. निकालावर सही करताना ते आत्याला म्हणाले, “अशी बॅटरी मी पाहिली नाही.” त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. बक्षिसाच्या पायरीवर भिंगरीनं आत्याला ओढून वर घेतलं. मामा खालून ओरडत होते, “मुलगा पसंत आहे!” आणि कोणाला काही कळत नव्हतं. आमंत्रणाचं पत्र बुधवारी आलं. त्या वेळी मी शेडमध्ये होतो. मामांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं, मग न आलेल्यांसाठी पुन्हा एकदा.

गुरुवारी दुपारी शेडमध्ये फोन वाजला. शर्यतीच्या गावातून बस डेपोचे तंत्रज्ञ बोलत होते. त्यांनी तिसऱ्या नंबरच्या गाडीचं कौतुक वाचलं होतं. त्यांना बॅटरीबद्दल सल्ला हवा होता. सोमवारी रस्ता वाहतुकीला पुन्हा खुला झाला. त्यांची विजेवरची पहिली बस सकाळी डेपोतून पूर्ण भरलेल्या बॅटरीनं निघाली, तळाच्या वळणाला आली आणि चढाच्या अर्ध्यातच तिची वीज संपली. दुसऱ्या गाडीनं ओढत, खालच्या रस्त्यानं, तिला डेपोत परत आणली.

आत्यानं फोन स्पीकरवर टाकला होता. “बसमध्ये किती जण होते?”

“कोणी नाही हो. पहिलीच फेरी. चालक एकटा.”

आत्यानं फोन जवळ ओढला. “म्हणजे वरच्या भिंतीपर्यंत ती गेलीच नाही?”

“नाही.”

“आता कुठं आहे?”

“डेपोत, माझ्या समोर. तेच तर विचारायचंय. आम्ही दारं उघडून ठेवलीत, आत कोणी नाही. आज चौथा दिवस, पण चाकं अजून दबलेलीच आहेत.”