थोरल्या दाराची कडी

हर्सूलला त्या रात्री लाईट गेली आणि थोड्या वेळानं इन्व्हर्टरनंही मान टाकली. मोनिका आणि तिचा धाकटा भाऊ गोकुळ चटई घेऊन गच्चीवर आले, तर पुंजाराममामा आधीच खाटेवर पाय पसरून बसलेले. तळ्याकडून गार वारा येत होता. लांब तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे तेवढे चालू होते.

"मामा, भुताची सांगा," गोकुळ म्हणाला.

"पण ती चिंचेवरच्या हडळीची नको," मोनिका म्हणाली. "दर वेळी भूत व्हायचं ते बाईनंच, अन् तिला बाटलीत भरायचं ते कुणातरी बाप्यानं. कंटाळा आला."

"मग खरी सांगतो. सूर्यभानची. चिकलठाण्याला कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर होता. जिवंत हाय अजून, उद्या जाऊन इचारा. शेफारलेल्या पोरींनी तर ऐकावीच अशी हाय."

"हा मला टोमणा."

"ऐक तर आधी," मामा म्हणाले, आणि सांगू लागले.

सूर्यभानच्या सुनेला एक चाकाची खुर्ची घरी न्यायची होती. एवढंच काम होतं. गेल्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. विशाखा तिचं नाव. निराला बाजारातून तिनं खुर्ची घेतली, रिक्षात टाकली आणि शहागंजच्या मागच्या त्यांच्या गल्लीत आणली. घडी घातलेली खुर्ची आरामात आत गेली. सासूला तिच्यावर बसवलं, दारापर्यंत आणलं आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. माणूस बसल्यावर खुर्चीची घडी कशी घालणार?

कारण ते दार. जुनं, सागवानी, नवरदेव घोड्यावरून न वाकता बाहेर पडेल एवढं उंच. एका फळीत कापलेलं बुटकं दार, ती दिंडी. खाली वीतभर उंच उंबरठा. ती सगळी गल्लीच सरकारनं जपायच्या यादीत घातलेली. रस्त्याकडून दिसणारं दार, खिडकी, काहीही बदलायचं तर आधी वारसा समितीला विचारायचं. लाकडाच्या जागी लाकूड, दगडाच्या जागी दगड, नक्षी तीच.

आणि समितीच्या आधीपासून घराची स्वतःची रीत होती. सूर्यभानच्या आजानं, सर्जेरावांनी घालून दिलेली. रोजची ये-जा दिंडीतून. मान खाली, पाय वर. थोरलं दार उघडायचं दोन वेळेला. घरातला नवरदेव घोड्यावर निघाला की, आणि घरातलं कुणी गेलं की. नवी सून यायची तीसुद्धा दिंडीतून, वाकून.

"थांबा, थांबा," मोनिका म्हणाली. "म्हणजे त्या घरातली बाई थोरल्या दारातून जाणार ती मेल्यावरच?"

मामांनी जरा विचार केला. "व्हय. हिशोब तसाच होतो."

"छान रीत आहे."

"तू मधी बोलायचं नाय असं ठरलंय."

"कधी ठरलं?"

मामांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

सूर्यभानची बायको द्वारकाबाई. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण शुद्ध लख्ख. दवाखान्यात नेताना तिला सतरंजीत घालून, चौघांनी ओढत दिंडीतून काढलं होतं. पोतं काढतात तसं. आणलं तेही तसंच. त्यानंतर तिनं हातानं खूण करून सांगितलं, पुन्हा मला असं न्यायचं नाही. मागचं दार मोरीच्या बोळात निघतं, तिथून धड माणसालाही आडवं होऊन सरकावं लागतं. मग ती घरातच राहिली. दोन वर्षं. बाजूच्या गल्लीतल्या देवळात संक्रांतीला बायका वाणवशाला जमायच्या, त्यांचं हसणं तिला खाटेवर ऐकू यायचं.

त्या आठवड्यात खुर्चीवर बसल्या बसल्या ती विशाखाला म्हणाली, "मी... येणार... देवळात."

विशाखा तशीच उठून सासऱ्याकडं गेली.

"दादा, थोरलं दार उघडू. उंबरठा काढू. पायऱ्यांवर उतार करू. आत्या सरळ बाहेर."

"उंबरठा काढू? तो काय ऊस हाय का, आला अन् मोडला? समिती सोलून काढंल."

"वरच्या कोरीव खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, तव्हा समिती कुठं गेली होती?"

"डास येत व्हते."

"डासांसाठी खिडकी बदलता येती. बायकोसाठी उंबरठा नाय?"

विशाखाचा नवरा सुदर्शन दोघांच्या मधे बसलेला. तो चार्जर शोधायला म्हणून वर गेला, तो जेवायलाच खाली आला.

"त्या खिडक्या कुठं हायेत ठाऊक हाय का?" विशाखा थांबली नाही. "एका हॉटेलात भिंतीला टांगल्यात. लोकं त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढतेत. अन् आता तुम्हाला वारसा आठवला."

तरी पोरगी सरळ वाटेनं गेली होती बरं का. तिनं समितीकडं रीतसर अर्ज केला. दार तसंच ठेवते, फक्त उंबरठा काढते, तोही न मोडता. विचारायला गेली की एकच उत्तर, अर्ज विचाराधीन आहे. भोगीच्या आदल्या दिवशी परत तेच ऐकून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "यांचा विचार होईस्तोवर आत्या आडवीच निघंल थोरल्या दारातून. मी नाय थांबणार."

भोगीच्या दिवशी दुपारनंतर मिस्त्री आला. विशाखानं त्याला उंबऱ्यावर करवत लावू दिली नाही. खिळे सोडवून आख्खा उंबरठा काढायला लावला, पोत्यात गुंडाळून घरातल्या चौकात ठेवला. म्हणाली, उद्या कुणी परत बसवा म्हटलं तर बसवता आला पाहिजे, लाकडाशी माझं भांडण नाही. उंबऱ्याची खाच सिमेंटनं फरशीच्या बरोबरीला भरली. तिथून पुढं, पायऱ्यांवर, गल्लीपर्यंत उतार. अंधार पडता पडता काम झालं. सकाळपर्यंत कुणी पाय ठेवू नका, मिस्त्री म्हणाला. दार लावून घेतलं.

सूर्यभानच्या ताटात बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी तशीच राहिली. हात धुवून तो एवढंच म्हणाला, "आजाची रीत मोडलीस. आज झोप लागती का बघ."

"मला लागंल," विशाखा म्हणाली. "मी दमले."

मामा थांबले. खाली कुठंतरी भांडं पडलं आणि गोकुळ मोनिकाच्या जवळ सरकला.

"मग?" तो म्हणाला.

मग रात्री दीड वाजता कडी वाजली.

द्वारकाबाईची खाट दारासमोरच्या सोप्यात. विशाखा खाली अंथरुणावर. आधी तिला वाटलं स्वप्न आहे. मग परत. खण्... खण्.

कुणीतरी आलंय. एवढ्या रात्री. ती उठून बसली. तेवढ्यात आतल्या खोलीतून सूर्यभान आला. अंगावर नुसती बंडी, थंडीतही कपाळावर घाम.

"उघडू नको."

"कोण हाय?"

"आजा..." त्यानं दाराकडं बोट केलं. "सर्जेराव आजा. मी ल्हान व्हतो. रातच्याला बाजारातून आला की असाच वाजवायचा. सगळ्या बाया धावत यायच्या. उशीर झाला की... उघडू नको, बाई. तुझ्या पाया पडतो."

खण्... खण्... खण्.

विशाखानं पदर खोचला. "आजा आला असंल तर बरंच झालं. मला बोलायचंच हाय त्याच्याशी."

मोबाईलचा टॉर्च लावून ती दाराकडं गेली. दार तसंच. मोठा अडसर तसाच. दिंडी बंद. ती ओरडली, "कोण हाय?" उत्तर नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

तिनं टॉर्च वर केला.

कडी हलत होती.

हळूच वर उचलली जायची. फळीवर पडायची. खण्. परत वर. जसा एखाद्या हाताला तिचा भार पेलत नाही.

विशाखा बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. त्या दाराला आता बाहेरून कडी नाही. बाहेर बेल आहे, किती वर्षांपासून. कडी आहे ती आतल्या बाजूला.

बाहेरून कुणी वाजवत नव्हतं.

आतून...

ती जागच्या जागी उभी. पाठीमागं श्वास ऐकू येत होता. सासऱ्याचा नव्हे, तो लांब भिंतीला टेकलेला. हा अगदी मागं. खाली, कमरेच्या उंचीवर. वाकून उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा. आणि तो एकाचा नव्हता.

ती वळली नाही. तिनंच मला सांगितलं, मामा, तेवढी छाती माझी झाली नाही.

मग खाटेवरून द्वारकाबाई बोलली.

"उ... घड."

"आत्या..."

"उघड. लई... जणी... हायेत."

कडी परत उचलली गेली. या वेळी पडली नाही. अधांतरी थांबली. वाट बघत.

"सूनबाई..." सूर्यभान रडायला लागला होता. "नको... रीत..."

विशाखानं हात वर केला. कडी धरली. बर्फासारखी. तिनं ती काढून सोडली. अडसर ओढला. जड होता, खांदा लावून ओढला. दिंडीला हात लावला नाही. थोरल्या दाराची एक फळी भिंतीपर्यंत मागं नेली. मग दुसरी.

समोर ओला उतार. गल्लीतला पांढरा दिवा. माणूस नाही.

ती बाजूला झाली. भिंतीला पाठ लावली. डोळे मिटले आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाली,

"जा. वाकायचं नाय कुणी."

मामांनी खाटेखालचा तांब्या तोंडाला लावला.

"मग काय झालं?" गोकुळनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"काही नाय. ती म्हणती, वारा सुटला. आतून बाहेर. नेसूच्या लुगड्याचा होतो तसला आवाज. जात राहिला... जात राहिला. मग थांबला. तिनं डोळे उघडले. दार सताड उघडं. तिनं ते सकाळपर्यंत लावलं नाय."

"अन् सूर्यभानकाका?"

"बसला भिंतीपाशी. उजाडेपर्यंत."

मोनिका गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती. "मामा, तुम्ही म्हणालात शेफारलेल्या पोरींनी ऐकावी अशी गोष्ट. मग यातून मी काय शिकायचं? दार उघडायचं, हेच ना?"

"मला वाटलं व्हतं, जुन्याला हात लावला तर काय व्हतं ते सांगावं." मामांनी मान खाजवली. "पण सांगताना ती गोष्ट माझं ऐकत नाय."

मोनिका मोठ्यानं हसली. मामाही हसले, पण थोडंच.

संक्रांतीला दुपारी मी तिळगूळ घेऊन गेलो, मामा पुढं सांगू लागले. गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. द्वारकाबाई येत होती. खुर्चीत ताठ बसलेली, हिरवं लुगडं, मांडीवर वाण. मागून विशाखा खुर्ची ढकलत होती. बरोबर बायकांची ही गर्दी. उतार अजून कच्चा, म्हणून तिला उतरवण्यासाठी वर फळ्या टाकल्या होत्या. त्या कुणी आणून टाकल्या म्हणाल? सूर्यभाननं. सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, पण फळ्या त्यानंच आणल्या. खुर्ची गल्लीत उतरली तशी द्वारकाबाईनं मागं वळून थोरल्या दाराकडं बघितलं आणि तोंडावर पदर न घेता हसली. तिचं तोंड एका बाजूला वाकडं होतं. मी इतकं सुंदर हसू आजवर बघितलं नाही.

"समितीचं काय झालं?" मोनिकानं विचारलं.

"नोटीस आली नंतर. विशाखानं उत्तर दिलं, उंबरठा चौकात जपून ठेवलाय, येऊन मोजून घ्या. अन् येताना वरच्या खिडक्यांचं बी इचारा."

"मस्त!" मोनिकानं मांडीवर थाप मारली. "पण मामा, भुताचं खरं कशावरून? वारा सुटला, कडी हलली. लाकूड रात्री वाजतंच."

"फळ्या उचलल्यावर मी तो उतार बघितला. रात्री वाळलेला. त्याच्यावर पावलं होती."

गोकुळनं चटईचं टोक घट्ट धरलं.

"बायकांची. अनवाणी. अंगठ्याशेजारच्या बोटात जोडव्याची खूण. काही रुंद, भेगाळलेली. काही एवढी बारकी, की नऊ-दहा वर्षांच्या पोरीची असावीत. सगळी बाहेर गेलेली. आत आलेलं एक बी नाय."

"गल्लीतल्या बायका असतील," मोनिका म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "सकाळी लवकर बघायला आल्या असतील."

"मी बी तेच म्हणालो विशाखाला. तिनं हुज्जत घातली नाय. मला दारात नेलं अन् म्हणाली, मामा, इथं बघा."

मामांनी अंधारात हातानं जमिनीवर एक आडवी पट्टी दाखवली.

"जिथनं उंबरठा काढला, तिथलं सिमेंट. ते बी त्याच वेळचं, तेवढंच ओलं. सगळ्या त्याच्यावरूनच गेलेल्या, दुसरी वाटच नाय. पण तेवढी पट्टी कोरी. गुळगुळीत. उंबरठा असल्यागत, एकीनं बी त्याच्यावर पाय दिला नव्हता."