गळ्यातली वीणा आणि सिंगापूरची कुपनं

पाचोऱ्याच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह रंगात आला होता. थंडीचे दिवस, मंडपभर बुक्क्याचा आणि मागच्या चुलीवर भाजणाऱ्या वांग्यांचा वास. रत्नप्रभा चहाची किटली घेऊन आत शिरली, तेवढ्यात तो समोर आला. पायातले बूट त्याने बाहेर जोडीने नीट काढून ठेवले होते, पण गळ्यात टाय होता… सप्ताहाच्या मंडपात टाय!

तिला हसू आवरेना. ते त्याला दिसलं, आणि तोही ओशाळून हसला.

"रुपचंदआबा कुठे भेटतील? मी अभिमन. धुळ्याचा. पाइप कंपनीकडून आलोय."

"ते काय समोर उभे आहेत. मी त्यांची मुलगी. काम काय ते मला सांगा."

"नाही… म्हणजे मालकांशीच बोलायला हवं."

रत्नाने किटली खाली ठेवली. आबांचं पाइप-पंपांचं दुकान चार वर्षांपासून तीच चालवत होती. कुठल्या मळ्याला कुठला पाइप लागतो ते शेतकरी तिलाच विचारत. आबांचा जीव पखवाजात आणि कीर्तनात. पण हे या टायवाल्याला कोण सांगणार?

"मग बोला मालकांशी," ती म्हणाली.

आबा गळ्यात वीणा घालून नामात उभे होते. अभिमनने जवळ जाऊन हात जोडले आणि महत्त्वाचा निरोप असल्याचं सांगितलं. आबा प्रसन्न हसले. "राम कृष्ण हरी." त्याने पुन्हा सांगितलं, जरा वाकून, कानाशी. आबा आणखी प्रसन्न. "राम कृष्ण हरी." गळ्यात वीणा असली की तोंडून नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

शेवटी टाळकऱ्यांतल्या कोणीतरी समजावलं, की वीणा दुसऱ्याने घेतली तरच आबा बोलतील. "मग द्या माझ्याकडे, पाचच मिनिटं," असं म्हणून अभिमनने मान पुढे केली.

रत्ना त्याला थांबवू शकली असती. वीणा खाली टेकू द्यायची नाही, ज्याच्या गळ्यात पडली त्याने दोन तासांचा पहारा पुरा करायचा, आणि ज्याने दिली त्याला तो पहारा परत घेता येत नाही, हा तिथला रिवाज तिला पाठ होता. पण मालकांशीच बोलायचं होतं ना? ती खांबाला टेकून गंमत बघत राहिली. आबा त्याच्या पाया पडले, तो गडबडून आबांच्या पाया पडला, आणि वीणा टायवर विसावली.

मग त्याने निरोप सांगायला तोंड उघडलं, आणि सगळा मंडप एका सुरात म्हणाला, "नाम!"

आता बोलायचं कसं? त्याने खिशातलं कंपनीचं पत्रक काढून आबांपुढे धरलं. रत्नाने ते वाचलं, आणि तिची गंमत जागच्या जागी विरली. सिंगापूरच्या कुटुंब सहलीसाठी पॉइंटांची कुपनं जमा करायची तारीख कंपनीने अलीकडे ओढली होती. आज संध्याकाळपर्यंत कुपनं जळगावच्या डेपोत पोचायला हवी होती, नाही तर सहल गेली. तीच कुपनं न्यायला हा जळगावला जाताना मुद्दाम इथे गाडीतून उतरला होता. आणि रत्नाने त्याला खांबासारखा उभा करून ठेवला होता.

पाइपांच्या प्रत्येक बंडलातून निघालेलं कुपन तिने बिस्किटांच्या डब्यात जपलं होतं. आबांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि आई, पुष्पाबाई, भडगावच्या माहेराखेरीज कुठे गेली नव्हती. त्या दोघांना विमानात बसवायचं, हे तिने मनात पक्कं केलं होतं.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "तू जा, बाई. दुकान तुझं, पाइप तू विकलेस. मी जाऊन काय सांगणार?"

हे ऐकून वीणेची तार जरा चुकली. रत्नाने मागे वळून पाहिलं. अभिमनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

ती डबा छातीशी धरून पॅसेंजरने जळगावला पोचली. डेपोच्या साहेबांनी कुपनं तपासली, वडील किंवा भाऊ का आला नाही ते विचारलं, आणि नावं लिहायला घेतली. दुकानदार, त्याची पत्नी आणि धंदा बघणारा मुलगा. मुलगा नाही, धंदा मी बघते, असं ती म्हणाली. साहेब हसले. मुलगी काय, उद्या सासरी जाईल, म्हणाले.

"उद्या जाईन, साहेब. पाइप काल विकलेत."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला, चष्मा काढला, पुसला. मुलगी चालेल, पण अविवाहित हवी, सहलीआधी लग्न झालं तर नाव कापलं जाईल, एवढं बजावून त्यांनी तिसरं नाव लिहिलं… रत्नप्रभा रुपचंद पाटील.

परतताना गाडीच्या खिडकीतून केळीचे मळे मागे पळत होते, आणि तिच्या डोळ्यांपुढे मात्र एक टाय आणि एक वीणा. त्याचा पहारा केव्हाच संपला असेल. धुळ्याच्या बसमध्ये बसलाही असेल. बसू दे. तिला काय त्याचं?

दिवेलागणीला ती मंडपात आली. तो तिथेच उभा होता. टाय सुटलेला, कपाळावर बुक्का, आवाज बसलेला, पण तार सुरात.

झुंबरआजी, आबांची आई, तिच्या कानाशी लागली. पुढचा पहारा कौतिकनानांचा, ते आलेच नाहीत. पण म्हणून काय माणसं कमी होती? चौघे पुढे आले वीणा घ्यायला. हा पठ्ठ्या मान हलवून नाही म्हणायचा आणि दरवाजाकडे बघायचा. बायाही वीणा घेतात, हे त्याने बघून ठेवलं होतं. "माले बठ्ठं समजनं," आजी म्हणाली. तिला सगळं कळून चुकलं होतं.

रत्ना पाय धुऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तिने मान झुकवली. त्याने वीणा काढली आणि तिच्या गळ्यात घातली… इतक्या हळू, की टाळकरीसुद्धा ठेका विसरले. रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडायला वाकले आणि डोक्याला डोकं लागलं.

"आता मी बोलू शकतो, तुम्ही नाही," तो घोगऱ्या आवाजात पुटपुटला. "दुपारी मालकांशीच बोलायचंय म्हणालो… मालक समोरच होते. नाव लागलं तुमचं?"

"राम कृष्ण हरी," रत्ना म्हणाली. पण असं म्हणाली, की आबांनी पखवाजावर जोरात थाप मारली.

"म्हणजे सहल होईपर्यंत लग्न नाही. नियम मला माहीत आहे. मी थांबेन… उभं राहायचा सराव आज झालाच आहे." त्याने सुटलेला टाय सरळ केला. "परत आलात, की आईला घेऊन येऊ? आबांना विचारायला. की… आधी मालकांनाच विचारायचं?"

रत्नाची बोटं तारेवर थांबली. पापण्या खाली गेल्या, पुन्हा वर आल्या.

"राम… कृष्ण… हरी."

तो गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. झुंबरआजीला दया आली. "हो म्हनी ऱ्हायनी ती, भाऊ," तिने सांगितलं, आणि भरिताचं ताट त्याच्या हातात दिलं.

एवढ्यात कौतिकनाना धापा टाकत आले. गाडी वाटेत अडकली, उशीर झाला, असं सांगत त्यांनी वीणेसाठी हात पुढे केले.

"बसा नाना," पखवाजावरचा हात न थांबवता आबा म्हणाले. मान ताठ, डोळ्यांत पाणी. "पहारा माझ्या पोरीचा शे. तिच्या जिवावर मी विमानात बसणार शे. ती पुरा करी."

आणि रत्नाने नामाचा सूर चढवला.